पीएच.डी.आधी प्रयोगशाळेत काढलेली वर्षे: कुठे, किती आणि कोणत्या अटींवर?

पारिजातक

नमस्कार. एम.एस्सी.चे निकाल लागले की जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकलेल्या मुलामुलींचे मला दर वर्षी फोन येतात. नेट या पात्रता परीक्षेची तयारी करत घरी बसावे, की आधी एखाद्या संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर, म्हणजे अनुदानित प्रकल्पातल्या तात्पुरत्या जागेवर, लागून अनुभव घ्यावा, हा त्या सगळ्यांचा प्रश्न असतो. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांनी त्यात भर घालावी, म्हणून हा धागा काढला आहे.

मी स्वतः एम.एस्सी.नंतर पावणेतीन वर्षे प्रोजेक्टवर काम केले. त्यांतले पहिले सव्वा वर्ष एका संस्थेत गेले आणि पुढचे दीड वर्ष दुसऱ्या संस्थेत. सध्या मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. कागदोपत्री दोन्ही ठिकाणचे माझे पद एकच होते आणि कामही जवळपास एकच होते, म्हणजे कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या, त्यांना औषध द्यायचे आणि काय होते ते मोजायचे. तरीही पहिल्या सव्वा वर्षातून मला फारसे काही मिळाले नाही, आणि पुढच्या दीड वर्षाने मला संशोधन म्हणजे काय ते शिकवले. हा फरक कशामुळे पडला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

पहिल्या ठिकाणी माझी प्रयोगवही कोणीही वाचत नसे. सकाळी पेशींचे माध्यम बदलायचे, दुपारी प्लेट लावायची, संध्याकाळी आकडे एक्सेलमध्ये भरून सरांना पाठवायचे, असा दिनक्रम होता. आम्ही स्तनांच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर एका वनस्पतीच्या अर्काचा परिणाम पाहत होतो. आलेख इतका सुबक यायचा की मात्रा वाढवली की जिवंत पेशी पायरीपायरीने कमी होत जायच्या. चार महिन्यांनंतर आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका सीनिअर ताईंनी सहज म्हणून माझ्या पेशींना डॅपी लावून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डॅपी हे रंगद्रव्य डीएनएला चिकटते, त्यामुळे काळ्या पडद्यावर फक्त पेशींची केंद्रके निळी चमकायला हवीत. माझ्या पेशींमध्ये केंद्रकांच्या बाहेरही पिठाची चिमूट भुरभुरावी तसे बारीक निळे ठिपके पसरलेले होते. ते मायकोप्लाझ्मा होते.

ज्यांनी पेशीसंवर्धन केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मायकोप्लाझ्मा हे अतिशय लहान जिवाणू आहेत. त्यांना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे माध्यमात नेहमी घातले जाणारे पेनिसिलिन त्यांचे काही वाकडे करू शकत नाही. त्यांच्यामुळे माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत आणि पेशी वरवर ठणठणीत वाटतात. आतून मात्र ते पेशींचे पोषण खात राहतात, त्यांची वाढ बदलतात आणि जिवंत पेशी मोजायला आम्ही वापरत होतो त्या एमटीटीसारख्या चाचणीचे आकडेही बिघडवू शकतात. आमच्या पेशी कोणत्याही मान्यताप्राप्त संग्रहातून आलेल्या नव्हत्या. त्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून फ्लास्कमध्ये आणल्या होत्या आणि आल्यावर त्यांची एकदाही तपासणी झाली नव्हती. चार महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. ते टाकून द्यावेत असे म्हणणारी मी एकटीच होते, हे मला त्याहूनही जास्त लागले.

दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर पहिल्याच सोमवारी मॅडमनी वही मागितली. तिथे दर सोमवारी वही वाचली जात असे. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीचे नमुने कोणते ठेवले, का ठेवले, जेलवरचा हा बॅंड (पट्टा) इथे का दिसतो, हा प्रयोग तिसऱ्यांदा केला तेव्हा वेगळे का आले, असे प्रश्न समासात पेन्सिलीने लिहून यायचे. सुरुवातीचे दोन महिने मला त्या पेन्सिलीची भीती वाटत असे. पुढे मी ते प्रश्न प्रयोगाच्या आधीच स्वतःला विचारू लागले, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत मला नेमके तेच प्रश्न विचारले गेले.

म्हणून मला एवढेच कळकळीने सांगायचे आहे की प्रोजेक्टवर रुजू होण्यापूर्वी संस्थेचे नाव, पगार आणि यंत्रसामग्री यांच्याइतकीच चौकशी आपली वही कोण वाचणार याची करावी.

काही माहितीही देऊन ठेवते, कारण पुष्कळांचा इथेच गोंधळ होतो. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून मिळालेली जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) आणि एखाद्या प्रकल्पावरची जेआरएफ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फेलोशिप तुमची स्वतःची असते आणि तुम्ही ती घेऊन मान्यताप्राप्त संस्थेत मार्गदर्शक शोधू शकता. दुसरी जागा प्रकल्पाची असते. प्रकल्प संपला की तीही संपते. जीवशास्त्राच्या मुलांसाठी डीबीटी म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी परीक्षा आणि आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेची जेआरएफ परीक्षा हेही मार्ग आहेत. टीआयएफआर, एनसीबीएस आणि इतर काही मूलभूत संशोधन संस्थांमधील प्रवेशासाठी जेजीईईबीआयएलएस ही परीक्षा डिसेंबरमध्ये होते. प्रोजेक्टवर असताना या परीक्षांचे अर्ज भरायचे राहून जातात, कारण ‘एवढा प्रयोग संपू दे’ असे म्हणता म्हणता तारीख निघून जाते. माझी एक वेळ अशीच हुकली होती.

तेरणा

ताई, तुमचा धागा दोनदा वाचला. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून यंदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले. आमच्याकडे पेशीसंवर्धनाची सोय नाही. माझा प्रबंध आगर प्लेटवर अर्क टाकून त्याभोवतीचा जिवाणूमुक्त पट्टा पट्टीने मोजण्याचा होता. जाहिरातींत मात्र ‘पेशीसंवर्धन, वेस्टर्न ब्लॉट व फ्लो सायटोमेट्रीचा अनुभव असल्यास प्राधान्य’ असे लिहिलेले असते (ही प्रथिने ओळखण्याची आणि पेशी एकेक मोजण्याची तंत्रे). अनुभव मिळवण्यासाठीच अर्ज करायचा आणि त्यासाठीही आधी अनुभव हवा, मग आमच्यासारख्यांनी सुरुवात कुठून करायची? पुण्यातल्या एका खाजगी प्रशिक्षण संस्थेने एका महिन्यात ही सगळी तंत्रे शिकवण्याचे चाळीस हजार रुपये सांगितले आहेत. वडील कर्ज काढायला तयार आहेत. हे पैसे भरावेत का?

सह्यवारा

तेरणा, कृपा करून कर्ज काढू नका. मी सोळा वर्षे प्रयोगशाळा चालवतो आहे आणि या काळात प्रोजेक्टच्या जागांसाठी शेकडो मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आहेत. अशा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने माझा निर्णय एकदाही बदललेला नाही. तिथे सगळे द्रावण आधीच तयार असते, जेल चालणार हे ठरलेले असते आणि उत्तर आधीच माहीत असते. हाताला थोडी सवय होते, पण प्रयोग फसल्यावर काय करायचे ते तिथे शिकायला मिळत नाही.

तुमच्या पट्टीने मोजलेल्या पट्ट्याविषयी मी मुलाखतीत अर्धा तास बोलू शकतो. अर्क कशात विरघळवला होता? नुसते ते द्रावक टाकलेली प्लेट ठेवली होती का? द्रावकानेच जिवाणू मेले नाहीत हे कशावरून? किती वेळा मोजले, आणि दोन मोजण्यांत फरक आला तेव्हा काय केले? या प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्या मुलीला पेशीसंवर्धन शिकवायला मला सहा आठवडे लागतात. ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याला फ्लो सायटोमीटर चालवता येत असला तरी मी घेत नाही. जाहिरातीत ‘प्राधान्य’ लिहिलेले असते, ती अट नसते, तेव्हा अर्ज जरूर करावा.

सुरुवात कुठून करायची, याविषयी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणजे एनसीसीएस आहे, पाषाणला आयसर ही विज्ञानशिक्षण व संशोधन संस्था आणि एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे आणि विषाणूंवर काम करायचे असेल तर एनआयव्ही आहे. मुंबईत एकट्या परळमध्ये हाफकिन, प्रजनन आरोग्याची आयसीएमआरची संस्था आणि केईएमच्या आवारातली रक्तविज्ञानाची संस्था आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. या सर्व संस्था तात्पुरत्या जागांच्या जाहिराती आपापल्या संकेतस्थळांवर टाकतात. जाहिरातीत प्रकल्पाची मुदत दिलेली असते, ती नीट पाहावी. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे सात महिने उरले असताना निघालेली जागा भरायला हरकत नाही, पण पुढे काय, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

पारिजातक, वही वाचण्याविषयी तुम्ही जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे, आणि ते वाचताना थोडी बोच लागली हेही सांगतो. अनुदानाचे अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्रे, खरेदीच्या निविदा आणि वर्ग यांत आठवडा निघून जातो. माझ्याकडे सध्या सात जण आहेत, आणि त्यांतल्या दोघांच्या वह्या मी गेल्या महिन्यात उघडल्या नव्हत्या. काल उघडल्या.

वडील, सोलापूर

मी या क्षेत्रातला नाही. माझी मुलगी पंचवीस वर्षांची असून दीड वर्षापासून पुण्यात प्रोजेक्टवर काम करते. ती मन लावून काम करते हे मला दिसते. पण गेल्या वर्षी सलग पाच महिने तिला मानधन मिळाले नाही आणि खोलीचे भाडे मी पाठवत होतो. नातेवाईक विचारतात की ही नोकरी आहे की शिक्षण, तेव्हा मला उत्तर देता येत नाही. तुम्ही जाणती माणसे आहात. हे असेच चालते का, आणि आम्ही घरच्यांनी कुठपर्यंत थांबावे?

सह्यवारा

काका, असे होते, आणि ते होऊ नये. अनुदान हप्त्यांनी येते. आधीच्या हप्त्याचा हिशेब मान्य होऊन पुढची रक्कम येईपर्यंत काही महिने जातात आणि त्या काळात प्रकल्पाच्या खात्यात पैसेच नसतात. काही संस्था स्वतःच्या निधीतून तेवढ्यापुरते मानधन देतात आणि नंतर वळते करून घेतात. काही संस्था तसे करत नाहीत. त्यामुळे रुजू होतानाच ‘हप्ता लांबला तर आधीच्या मुलांना मानधन कसे मिळाले होते?’ असे सरळ विचारावे. त्यात काही उद्धटपणा नाही. पाच महिने विनावेतन काम करून घेणे हा मार्गदर्शकाचाही दोष आहे, कारण हिशेब वेळेत पाठवणे त्याच्या हातात असते.

पारिजातक

काका, नमस्कार. तुमच्या मुलीच्या जागी मीही होते, म्हणून लिहिते. राष्ट्रीय परीक्षेतून निवड झालेल्या जेआरएफला १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्राला) ४२,००० रुपये मिळतात, त्यावर नियमानुसार घरभाडे भत्ता असतो. नेट किंवा गेट परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या प्रोजेक्टवरच्या मुलांचे मानधन यापेक्षा बरेच कमी असते. आपल्या राज्यात पीएच.डी.ला नोंदणी झालेल्या, त्या त्या समाजघटकांतल्या संशोधकांना बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत. तिला लागू होत असेल तर तिने ती माहिती आत्ताच काढून ठेवावी.

कुठपर्यंत थांबावे, याविषयी माझे मत असे आहे की एका ठिकाणी दीड वर्ष झाल्यावर तिने शांतपणे दोन गोष्टी पाहाव्यात. एखादा प्रयोग तिने स्वतः सुचवून पूर्ण केला आहे का? आणि तिचे मार्गदर्शक तिच्यासाठी केवळ ‘मेहनती व प्रामाणिक’ एवढेच लिहितील, की तिने एखादी अडचण कशी सोडवली ते सांगू शकतील? दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर आणखी एक वर्ष तिथेच काढून काही बदलणार नाही. तिने जागा बदलावी, आणि त्यासाठी तुमचा पाठिंबा आहे हे तिला आजच फोन करून सांगा. मला माझ्या घरून तो उशिरा मिळाला.

मेरीलँडहून

इथली पद्धत थोडी सांगतो, कारण परदेशी अर्ज करणारे वाचक या धाग्यावर असतील. अमेरिकेत पीएच.डी.ला बॅचलर पदवीनंतरच थेट प्रवेश मिळतो, पण जीववैद्यक शाखांत आता वर्ष-दोन वर्षांचा अनुभव घेऊन येणारे पुष्कळ असतात. बेथेस्डा येथील एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत त्यासाठी ‘पोस्टबॅक’ नावाचा कार्यक्रम आहे. नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी तिथे एक ते दोन वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत पूर्णवेळ काम करतात, मानधन मिळते आणि त्याच काळात ते पीएच.डी. किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करतात. माझ्या पुतणीने हे केले. तिला जागेसाठी मध्यवर्ती अर्ज भरल्यावर स्वतः एकेका शास्त्रज्ञाला पत्र लिहावे लागले, कारण निवड प्रत्येक प्रयोगशाळाच करते.

भारतातल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी की हा कार्यक्रम अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे. ‘एनआयएचमध्ये जागा मिळवून देतो’ असे कोणी पदवीधर विद्यार्थ्याला सांगत असेल तर सावध राहावे. इथे एम.एस. करून ओपीटी म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करणे हा वेगळा मार्ग आहे, परंतु तो शिक्षणाच्या खर्चामुळे सर्वांना परवडणारा नाही. भारतातून थेट पीएच.डी.ला अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला मुदत असते आणि तीन शिफारसपत्रे लागतात. त्यांतले एक तरी तुमच्या हातचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे असले पाहिजे. विभागप्रमुखांचे नाव मोठे म्हणून त्यांचे पत्र घेतले आणि त्यांनी तुम्हाला फक्त वर्गात पाहिले असेल, तर ते वाचणाऱ्याला दोन ओळींत कळते.

निरगुडी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण तो इथे नोंदवावासा वाटतो. मी चौदा महिने प्रोजेक्टवर काम केले आणि मला पीएच.डी. करायची नाही हे माझ्या लक्षात आले. मला उत्तर लवकर मिळालेले आवडते. एकच ब्लॉट नऊ वेळा करून दहाव्यांदा तो करण्याचा उत्साह माझ्यात नव्हता, आणि माझ्याबरोबरच्या मुलाच्या चेहऱ्यावर तो नवव्या वेळीही दिसायचा. आज मी एका निदान प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचे काम करते आणि तिथे समाधानी आहे. ते चौदा महिने गेले नसते तर मी पाच वर्षे अडकले असते, आणि मार्गदर्शकांचीही तेवढीच वर्षे वाया गेली असती. म्हणून प्रोजेक्टवरून पुढे पीएच.डी.ला न जाणाऱ्यांना ‘सोडून गेले’ असे म्हणू नये, ही विनंती.

सह्यवारा

निरगुडी, तुमच्यासारखे दोन जण माझ्याकडून गेले आणि मी त्यांच्यासाठी आनंदाने शिफारसपत्रे लिहिली.

लेखकांच्या यादीत नाव घालण्याविषयी इथे कोणी अजून विचारले नाही, पण खाजगीत मला दोघांनी लिहिले आहे, म्हणून सांगतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. कामात भरीव सहभाग हवा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती करण्यात सहभाग हवा, अंतिम प्रतीला संमती हवी आणि कामाच्या सर्व बाबींची जबाबदारी घेण्याची तयारी हवी. प्रोजेक्टवरच्या मुलांचे प्रयोग निबंधात येतात आणि मसुदा मात्र त्यांना दाखवलाच जात नाही, मग ‘त्यांनी लिहिण्यात भाग घेतला नाही’ म्हणून नाव आभारात जाते. हा अन्याय आहे. मसुद्यात सहभागी होण्याची संधी देणे मार्गदर्शकाचे काम आहे. मुलांनीही आपल्या प्रयोगांची आकृती आणि तिच्याखालची टीप स्वतः लिहून देण्याची तयारी ठेवावी. आणखी एक सांगतो, यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली आहे. प्रवेशाच्या वेळी तर तो असण्याची काहीच गरज नाही. घाईने कुठल्या तरी पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात नाव छापून आणलेले मुलाखतीत उलट अंगावर येते.

तेरणा

सर्वांचे मनापासून आभार. प्रशिक्षणाचे पैसे भरायचे नाहीत असे घरी ठरले आहे. सरांचे प्रश्न वाचून मी माझी प्रबंधाची वही पुन्हा काढली. नुसत्या द्रावकाची प्लेट मी ठेवली होती, पण ती एकदाच, आणि तिच्याभोवतीही चार मिलिमीटरचा पट्टा आला होता. मी तो अर्काच्या पट्ट्यातून वजा केला नव्हता. त्या वेळी कोणी विचारले नाही आणि माझ्याही लक्षात आले नाही.

येत्या गुरुवारी पुण्यात एका प्रकल्पाची थेट मुलाखत आहे, प्रकल्पाची अजून दोन वर्षे आणि दोन महिने बाकी आहेत. मुलाखतीत हे चार मिलिमीटर मी स्वतःहून सांगावेत का, की त्यांनी विचारल्यावरच सांगावेत?

सह्यवारा

स्वतःहून सांगा. वही बरोबर न्या, ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा, आणि आज हा प्रयोग पुन्हा करायचा तर तुम्ही तो कसा कराल ते सांगा. आपला अर्क दुसऱ्या कोणत्या द्रावकात विरघळतो आणि त्याचे किती कमी प्रमाण पुरते, हे बुधवारपर्यंत वाचून ठेवा.

पारिजातक

आणि मुलाखत झाली की तिथे आत्ता काम करणाऱ्या मुलांना कॅंटीनमध्ये भेट. सरांसमोर कोणी बोलणार नाही, पण चहा घेताना त्यांची वही शेवटची कधी वाचली गेली होती ते सांगतील. गुरुवारी रात्री इथे लिही, मी वाट पाहते आहे.